पुस्तक नसलेली भाषा शिकायची कशी?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कुठल्या भाषेला किती वेळ लागतो, याचे तिचे अंदाज प्रसिद्ध आहेत. स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास, अरबी किंवा जपानीला सुमारे २,२००. त्यावरून सोप्या आणि अवघड भाषांच्या याद्या निघतात. पण हे आकडे शिक्षक, क्रमिक पुस्तक आणि ध्वनिमुद्रणं हाताशी आहेत असं धरून चालतात. जगातल्या सुमारे ७,००० भाषांपैकी बहुतेकींच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. तिथे अडचण व्याकरणाच्या आधीच सुरू होते.

वाचनाचंच बघा. परक्या भाषेतला मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायचा, तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या संशोधनातून दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. इंग्रजी-फ्रेंचमध्ये ही सोय मुद्दाम केलेली असते, मोजक्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं पायरीपायरीने मिळतात. छोट्या भाषेत मिळतं ते एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने इतर भाषाशास्त्रज्ञांसाठी लिहिलेलं व्याकरण, बायबलचा अनुवाद, फार तर लोककथांचा संग्रह. मधल्या पायऱ्याच नाहीत.

शब्दकोश असला तरी काम भागतंच असं नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला ‘घरातल्यांनाही’ हा शब्द दिसतो, कोशात असतं फक्त ‘घर’. ‘गेलो’ शोधायला तो ‘ग’ची पानं उलटतो आणि क्रियापद ‘जाणे’पाशी बसलेलं असतं. ‘कोणते हजार शब्द आधी शिकावेत’ ही यादी करायची, तर रूपं मोजायची की मूळ शब्द, इथपासून प्रश्न. मूळ शब्द मोजायचे म्हटलं, तर आधी प्रत्येक रूप सोडवून घ्यावं लागतं. मोठ्या भाषांत हे काम संगणक करतो, पण त्यालाही भरपूर मजकूर आधी पुरवावा लागतो, आणि खरी टंचाई तर त्याचीच.

उच्चारांची गोष्ट आणखी रंजक आहे. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’, तसेच कॅनडातल्या एका मूलनिवासी भाषेतले दोन जवळचे ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना फरक कळत होता. वर्षाचं होता होता तो बहुतेकांना कळेनासा झाला. (ज्या दोन ध्वनींत आपल्याला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, त्यात इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसालाही काही वेगळं ऐकू येत नाही, हे आपल्या पचनी पडायला वेळ लागतो.)

तरीही मोठेपणी कान तयार करता येतो. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ शिकवताना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं, की अनेक बोलणाऱ्यांचे आवाज ऐकवले तर ती ओळख नव्या आवाजांपर्यंत पोहोचते. एकाच माणसाच्या आवाजावर सराव केला, तर बऱ्याचदा त्या आवाजापुरतीच राहते. म्हणून लहान भाषेचं ध्वनिमुद्रण करायला निघालेल्यांना माझं सांगणं असं, की एकाच जाणकार आजोबांना तासन्‌तास बोलतं करण्यापेक्षा सहा-सात जणांचे आवाज गोळा करा. बायकामुलांचेही.

पुस्तक नाही तिथे उरतो तो बोलणारा माणूस. पण भाषा येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. समोरचा अडखळला, की बोलणारा नकळत दोघांनाही येणाऱ्या मोठ्या भाषेत शिरतो आणि धडा तिथेच संपतो. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात मूलनिवासी भाषांसाठी सुरू झालेल्या गुरु-शिष्य उपक्रमाने नेमकं इथेच बोट ठेवलं. भाषाशास्त्रज्ञ लीन हिंटन त्यात होत्या. एक ज्येष्ठ, एक तरुण, आठवड्याचे दहा-वीस तास, आणि इंग्रजी बंद. ‘याला काय म्हणतात’ अशी यादी उतरवून घेत बसायचं नाही. दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, आणि चाललंय तेच बोलायचं. कळलं नाही तर हातवारे. शिष्याला सुरुवातीलाच ‘हे काय आहे?’, ‘पुन्हा सांगा’, ‘आता मी काय करतोय?’ अशी मोजकी वाक्यं पाठ करावी लागतात. संभाषण पुढे ढकलायची जबाबदारी त्याच्यावर असते, गुरूवर नाही. मला यातली हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटते.

या पद्धतीने एका वेळी एकच बोलणारा तयार होतो, ही तिची मर्यादा. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्ये वेगळी वाट धरली. माओरी अस्खलित बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या पिढीकडे बालवाडीतली मुलं सोपवली. ती मुलं पाच वर्षांची झाली आणि पुढची शाळा मात्र इंग्रजीत. मग १९८५ पासून माओरी माध्यमाच्या शाळा निघाल्या, आणि गणित-विज्ञानासाठी माओरीत परिभाषा घडवून शिकवायचं साहित्य लिहावं लागलं.