उरलेलं तेवढंच द्या

आमच्या गावच्या पाणलोटाचा नकाशा करायला मला जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती हवी होती. एका संकेतस्थळावर ती मिळाली, पण फाइल निघाली ६ जीबीची आणि तिची लिंक चालणार होती फक्त ६ तास. मध्येच डाउनलोड तुटलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. गावात नेटचा वेग मिळतो ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. ६ जीबी म्हणजे ४८,००० मेगाबिट. त्याला ४ ने भागलं की १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं. सहा तासांत सहज बसतं. पण सलग ३ तास २० मिनिटं वीज आणि नेट दोन्ही टिकलेलं मी पावसाळ्यात तरी पाहिलेलं नाही. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तुटलं.

मग हे काम दुसऱ्या संगणकाला सांगितलं. डेटा सेंटरमधला छोटा संगणक महिन्याच्या भाड्याने मिळतो. त्याची वीज जात नाही आणि नेटचा वेग आपल्या कित्येक पट असतो. घरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करायच्या सोयीने, त्यात शिरायचं, डब्ल्यूगेट नावाच्या प्रोग्रामला लिंक द्यायची आणि बाजूला व्हायचं. इथे एक काळजी घ्यावी लागते. आपलं नेट तुटलं की एसएसएचही तुटतं आणि त्यात सुरू असलेलं कामही बहुधा थांबतं. म्हणून आधी टीमक्स सुरू करायचं; आपण असलो-नसलो तरी ते काम चालू ठेवतं. माझी फाइल तिथे ४ मिनिटांत उतरली.

आता फाइल तिकडे आणि मी इकडे. ती आणायची कशी? तिथेच एक वेब सर्व्हर सुरू करायचा.

सर्व्हर म्हटलं की थंड खोलीतली लुकलुकणारी कपाटं डोळ्यांपुढे येतात. खरं तर वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे: कान देऊन बसायचं, कुणी फाइल मागितली की द्यायची. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते म्हणजे एचटीटीपी. १९९१ च्या त्या पहिल्या एचटीटीपीत मागणी एका ओळीची असायची. ‘गेट’ हा शब्द आणि पुढे फाइलचा पत्ता, बस्स. आजचं एचटीटीपी बरंच वाढलंय, पण गाभा तोच.

असा सर्व्हर पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत तयारच मिळतो. फाइलच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन३’, मग हायफन एम, मग ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ एवढं टाइप केलं की झालं. ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, तो ऐकू लागतो आणि ब्राउझरमध्ये त्या फोल्डरची यादी दिसते. मला पहिल्यांदा ती यादी दिसली तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पण तीच यादी दुसऱ्यालाही दिसू शकते. वेगळं काही सांगितलं नाही, तर हा सर्व्हर बाहेरून येणाऱ्या कुणालाही दार उघडतो. नाव-गाव विचारत नाही. इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. म्हणून होम फोल्डरमधून तो कधीही सुरू करू नये, तिथे एसएसएचच्या किल्ल्याही, म्हणजे आत शिरायच्या गुप्त फाइलीही, असतात. हा सर्व्हर खऱ्या, सार्वजनिक वापरासाठी नाही, असं पायथनच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेलं आहे. मी ‘बाइंड’ हा पर्याय वापरून त्याला १२७.०.०.१ या पत्त्याला बांधतो. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. मग त्या संगणकाच्या आतूनच कुणी मागितलं तर तो देतो. आणि घरून आत जायला एसएसएचचा बोगदा. ‘मोठा एल’ या पर्यायाने माझं ८००० पोर्ट तिकडच्या ८००० ला जोडलं जातं. वाटेतला सगळा मजकूर कुलूपबंद जातो.

एवढं करूनही माझं डाउनलोड २.४ जीबीवर तुटलं. पुन्हा सुरू केलं तर शून्यापासून! म्हणजे मूळ दुखणं जिथल्या तिथे.

१९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं जे मानक आलं, त्यात याचं औषध आहे. मागताना ‘रेंज’ नावाची एक ओळ जोडता येते: या बाइटपासून पुढचं द्या. माझ्याकडे २४० कोटी बाइट आलेले असतील तर मी २४० कोटी क्रमांकापासून मागायचं. मोजणी शून्यापासून असल्यामुळे आकडा नेमका जुळतो. सर्व्हरला ते समजलं तर तो नेहमीच्या २०० ऐवजी २०६ हा क्रमांक पाठवतो, अर्थ ‘हा घ्या तुकडा’. समजलं नाही तर २०० म्हणून पहिल्या बाइटपासून सगळी फाइल. माझ्याकडच्या पायथनचा सर्व्हर ही ओळ वाचतच नाही.

म्हणून मी त्याच्या जागी एनजिनएक्स बसवला. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला हा सर्व्हर मोठमोठी संकेतस्थळं चालवतो, पण छोट्या कामालाही जड होत नाही. साध्या फाइलींसाठी त्याला रेंज आपसूक कळते. फोल्डरची यादी हवी असेल तर ‘ऑटोइंडेक्स’ चालू करावं लागतं. तोही १२७.०.०.१ लाच बांधला, बोगदा तोच ठेवला आणि घरच्या डब्ल्यूगेटला हायफन सी दिलं, म्हणजे ‘अर्धं राहिलेलं पुढे चालव’. त्या रात्री दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा बोगदा पुन्हा जोडला, तीच आज्ञा पुन्हा दिली आणि आकडा होता तिथून पुढे सरकला.

तुकड्यांनी आलेली फाइल मी तपासल्याशिवाय वापरत नाही. दोन्हीकडे शा-२५६ काढला, म्हणजे फाइलच्या सगळ्या मजकुरावरून हिशेबाने निघणारी तिची खूण. फाइल कितीही मोठी असो, उत्तर ६४ अक्षरांचंच येतं आणि एक बिट जरी बदलला तरी ते पार बदलून जातं. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या. मग तिकडची फाइल पुसली, एनजिनएक्स बंद केला आणि नकाशा उघडला.