हाऊ कम

बोली इंग्रजीत एखाद्या गोष्टीचे कारण विचारण्यासाठी वापरला जाणारा अनौपचारिक प्रश्नप्रयोग. अर्थाने तो ‘व्हाय’च्या जवळचा असला, तरी त्याचे व्याकरण बरेच निराळे आहे. ‘व्हाय’ आले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते : ‘व्हाय आर यू लेट?’ ‘हाऊ कम’नंतर मात्र साध्या विधानाचाच पदक्रम राहतो : ‘हाऊ कम यू आर लेट?’ ‘व्हाय डिड ही लीव्ह?’मधल्या ‘डिड’लाही येथे काही काम उरत नाही; ‘हाऊ कम ही लेफ्ट?’ एवढे पुरते. ‘व्हाय’ची रचना घोटून पक्की केलेले शिकाऊ नेमके येथेच ‘हाऊ कम आर यू’ असे म्हणून बसतात.

हा प्रयोग ‘हाऊ डिड इट कम अबाउट दॅट’ यासारख्या लांब रचनेचा संक्षेप मानला जातो. तसे पाहिले तर प्रश्न ‘कम’पाशीच संपतो. पुढचे सारे गौण वाक्य असते, आणि इंग्रजी गौण वाक्यात कर्ता-क्रियापदाची अदलाबदल सहसा होत नाही. जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकी शब्दप्रयोगांच्या १८४८ सालच्या कोशात ‘हाऊ कम’ची नोंद आहे, व्हर्जिनियात तो भरभर बोलताना ‘हक-कम’ असा ऐकू येतो, असे ते सांगतात.

‘हाऊ कम’ विचारणारा पुढची गोष्ट खरी धरूनच चालतो, आणि बहुधा त्याला तिचे नवलही वाटत असते. म्हणून ‘व्हाय डोन्ट यू सिट डाउन?’ ही बसण्याची विनंती होऊ शकते, पण ‘हाऊ कम यू डोन्ट सिट डाउन?’ ही निव्वळ चौकशी ठरते. ‘व्हाय वरी?’ चालते, ‘हाऊ कम वरी?’ चालत नाही. सर्वांत सूक्ष्म फरक जोडवाक्यात दिसतो. ‘व्हाय डिड शी से ही लेफ्ट?’ यात तिच्या बोलण्याचे कारण विचारले आहे की त्याच्या जाण्याचे, हे संदर्भावरून ठरवावे लागते. ‘हाऊ कम शी सेड ही लेफ्ट?’ यात प्रश्न फक्त तिच्या बोलण्याचा असतो.

‘व्हॉट फॉर’ हा याच गोतातला प्रयोग, पण तो हेतू विचारतो आणि त्यात अदलाबदलही होते : ‘व्हॉट डिड यू डू दॅट फॉर?’ त्याचा सूर पुष्कळदा जाब विचारल्यासारखा लागतो. औपचारिक लेखनात दोन्ही टाळतात. बोलण्यात मात्र ‘हाऊ कम’ला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही, सुशिक्षित भाषकही तो सर्रास वापरतात.