उभ्या गाडीची वीज

१३ फेब्रुवारी २०२४. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वादळ झालं, अनाकी गावाजवळ उच्चदाब वाहिनीचे सहा मनोरे आडवे झाले आणि त्या धक्क्यात लॉय यांग ए हे कोळशावरचं मोठं वीज केंद्र बंद पडलं. लाखो घरांची वीज गेली. तिकडे राजधानी कॅनबेरात एका प्रयोगातल्या १६ निसान लीफ या विजेवरच्या गाड्या चार्जरला जोडून उभ्या होत्या. कॅनबेरा आणि व्हिक्टोरिया एकाच ग्रीडवर, म्हणजे वीज केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या एकाच जाळ्यावर आहेत. कुणी बटण दाबलं नाही, फोन केला नाही. काही सेकंदांत त्या गाड्या बॅटरीतली वीज ग्रीडला परत देऊ लागल्या.

गाड्यांना बातमी पोचली ती तारेतूनच. आपल्यासारखीच ऑस्ट्रेलियातली वीजही सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झची. ही वारंवारता वीज केंद्रांतल्या जनित्रांच्या फिरण्याशी बांधलेली असते. मागणीपेक्षा निर्मिती कमी पडली की चढावरच्या सायकलसारखा जनित्रांचा वेग उतरतो आणि वारंवारता ५० च्या खाली घसरते. ती फार घसरली तर यंत्रं वाचवण्यासाठी एकेक केंद्र स्वतःला ग्रीडपासून तोडून घेतं, आणि संकट वाढतच जातं. ही घसरण कुठल्याही सॉकेटवर मोजता येते. कॅनबेरातले चार्जर तेच मोजत होते.

अर्थात साधा चार्जर हे करू शकत नाही. बॅटरीत एकदिश प्रवाह असतो आणि ग्रीडला प्रत्यावर्ती लागतो, त्यामुळे उलट दिशेने वीज सोडायची तर ग्रीडच्या ठेक्याशी ठेका जुळवणारा इन्व्हर्टर हवा. असा दुतर्फा चार्जर अजून महागच आहे.

त्या १६ गाड्यांनी मिळून दिले १०७ किलोवॅट, म्हणजे प्रत्येकी पावणेसातच्या आसपास. एवढं मोठं केंद्र बंद पडलेलं असताना हा आकडा किरकोळच. पण वेग बघा. थंड पडलेला कोळशाचा संच चालू व्हायला कित्येक तास लागतात. शिवाय गाडीचं फारसं काही गेलंही नाही. त्यांनी साधारण १० मिनिटं वीज दिली. प्रत्येकीच्या ४० युनिटच्या बॅटरीतून गेलं एक युनिटच्या जरासं वर. ‘रोज असं केलं तर बॅटरी झिजेल’ ही मालकांची शंका रास्त आहे, पण ती रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी करण्याबद्दल. क्वचित येणाऱ्या अशा दहा मिनिटांना ती लागू होत नाही.

खरी अडचण वेगळीच. प्रयोगात गाड्या ५१ होत्या, प्लग लावलेल्या फक्त १६. बाकीच्या रस्त्यावर किंवा नुसत्या उभ्या. आणि वीज देणाऱ्या गाड्या दहा मिनिटांनी पुन्हा चार्ज व्हायला लागल्या. सोळा गाड्यांनी काय बिघडतंय? लाखभर गाड्यांनी एकदम तसं केलं, तर सावरत असलेल्या ग्रीडला दुसरा धक्का बसेल.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नंतर मांडलेला हिशोब. त्या दिवशी ग्रीड वाचवण्यासाठी सुमारे ९० हजार ग्राहकांची वीज मुद्दाम तोडावी लागली होती. ते म्हणाले, फक्त ६ हजार गाड्यांचं चार्जिंग थांबवलं असतं तरी या लोकांची वीज राहिली असती. परत देणं नाही, फक्त घेणं थांबवणं! त्याला ना दुतर्फा चार्जर लागतो, ना बॅटरीची झीज होते. बातम्यांत मात्र झळकते ती वीज परत देणारी गाडी.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. भारतातली बहुतेक विजेवरची वाहनं दुचाकी आणि तीनचाकी. स्कूटरची बॅटरी दोन-चार युनिटची, ती ग्रीडला देणार काय? पण सूर्य मावळून सौर वीज थांबते, घरोघरी दिवे-पंखे-एसी लागतात, नेमकी तेव्हाच ऑफिसातून आलेली स्कूटर प्लगला लागते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी दिवसा, सौर विजेच्या तासांत दर कमी आणि मागणीच्या ऐन वेळी जास्त, अशी आकारणी आणली आहे. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय झाली, तर या कमी दराचा फायदा स्कूटरवाल्यालाही मिळेल. तशी सोय नसेल, तर संध्याकाळी लावलेला प्लग मध्यरात्रीनंतर चालू करायला काहीशे रुपयांचा टायमर पुरतो.