शिसपेन्सिलीनं शिसं शोधताना

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात एक काळा, मऊ दगड सापडला. कागदावर ओढला की शिशासारखी करडी रेघ उमटायची, म्हणून लोकांनी त्याला शिशाचाच भाऊबंद मानलं. तो दगड म्हणजे ग्राफाइट; तो कार्बन आहे हे १७७९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी दाखवलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. मराठीतही ते तसंच आलं. आणि आता याच ग्राफाइटच्या कुळातले पदार्थ पाण्यातलं खरंखुरं शिसं हुडकायला कामी येत आहेत. दुकानात मिळणाऱ्या पेन्सिलीची कांडीसुद्धा प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात वीज ने-आण करणारा भाग, म्हणून वापरतात.

हे हुडकणं किती नाजूक आहे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात बाजरीच्या दाण्याएवढी शिशाची गोळी पूर्ण विरघळली, की ही मर्यादा गाठली. अशा पाण्याला ना रंग, ना वास, ना चव, आणि उकळूनही शिसं जात नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर तर ते अगदी कमी प्रमाणातही परिणाम करतं.

शिवाय शिसं बऱ्याचदा धरणातून येत नाही, ते वाटेत मिसळतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरानं एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळांचा गंज रोखणारं रसायन घालायचं राहिलं. जुन्या शिशाच्या नळांतून शिसं सुटलं, ते घराघरांच्या उंबऱ्यावर. आपल्याकडेही पीव्हीसी पाइपांमध्ये शिशाची संयुगं वापरली जात असत. त्यांना आळा घालणारे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढले. म्हणजे शुद्धीकरण केंद्रावरचा एक नमुना पुरत नाही, नळ-नळ तपासायला हवा. त्यासाठी दर वेळी लाखो रुपयांच्या यंत्राकडे बाटल्या पाठवणं परवडणारं नाही, म्हणून शिसं जागच्या जागी मोजणाऱ्या, कार्बनच्या छोट्या संवेदकांचं मला मोल फार वाटतं.

संवेदक दिसायला साधा असतो. मधुमेही लोक साखर तपासायला वापरतात तशी पट्टी, तिच्यावर कार्बनच्या शाईनं छापलेले इलेक्ट्रोड. त्यातल्या एकावर नॅनोकार्बनचा, म्हणजे अतिसूक्ष्म रूपातल्या कार्बनचा, लेप. पाण्याचा थेंब ठेवला की त्या इलेक्ट्रोडला साधारण उणे १.२ व्होल्टवर धरून ठेवतात आणि दोन-तीन मिनिटं थांबतात. दागिन्यावर मुलामा चढावा तसं पाण्यातलं शिसं इलेक्ट्रोडवर येऊन बसतं. विखुरलेले अणू एका जागी गोळा होतात, आणि सगळी करामत या थांबण्यात आहे. मग व्होल्टेज हळूहळू वर नेतात. आता मुलामा उतरू लागतो, पण प्रत्येक धातूची उठायची वेळ वेगळी. उणे ०.८ च्या आसपास कॅडमियम निघतं, उणे ०.५ च्या आसपास शिसं. शिशाचा प्रत्येक अणू जाताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. आलेखावर त्या जागी विद्युतप्रवाहाचं टोक उठतं. टोक कुठे आहे यावरून धातू ओळखायचा, ते किती उंच आहे यावरून त्याचं प्रमाण.

या पद्धतीची मुळं प्रागमध्ये आहेत. यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या टपकत्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून द्रावणातले पदार्थ ओळखले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पारा उत्तम चालतो, पण तोच विषारी. २००० मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथ या धातूचा पातळ थर वापरून दाखवला. बिस्मथ शिसं आणि कॅडमियमशी सहज मिश्रधातू बनवतो आणि पाऱ्याच्या मानानं निरुपद्रवी आहे.

मग कार्बनचं काम काय? जागा देणं आणि वीज वाहून नेणं. ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एका अणूइतका जाड पापुद्रा. एक ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग, हिशेबानं, २६३० चौरस मीटर होतो; म्हणजे वीस कबड्डी मैदानं. प्रत्यक्षात ग्राफीनचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांना चिकटतात आणि बरीच जागा वाया जाते. म्हणून त्यांच्यामध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या घालतात. नळ्या पापुद्र्यांना दूर ठेवतात आणि वीजही नेतात. त्यावर नॅफिऑन नावाच्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर देतात. त्याच्या अंगावर ऋण भार असतो, त्यामुळे शिशाचे धन आयन (धन भार असलेले अणू) आत ओढले जातात आणि पाण्यातले बरेच मोठे सेंद्रिय रेणू बाहेर राहतात. सर्वांत शेवटी बिस्मथ. एकट्याला न जमणारं काम चौघं मिळून करतात, म्हणूनच याला नॅनोसंमिश्र म्हणतात.

किती कमी शिसं ओळखता येतं याचे आकडे शोधनिबंधांत सतत खाली उतरत असतात. मला मात्र दुसरी चिंता महत्त्वाची वाटते. बरेच प्रयोग आम्लता नीट बांधून दिलेल्या स्वच्छ द्रावणात होतात. विहिरीच्या पाण्यात तांबं असतं, ते इलेक्ट्रोडवरच्या जागेसाठी बिस्मथशी झगडतं. कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक आम्लं शिशाला कवटाळून बसतात. असं बांधलेलं शिसं मुलाम्याला येतच नाही. पट्टी कमी आकडा दाखवते आणि पाणी पिणाऱ्याच्या पोटात सगळं शिसं जातं. शिवाय एका घाण्यातल्या दोन पट्ट्या सारखं उत्तर देतील याचीही खात्री लागते.

यावर उपाय आहेत, पण ते मेहनतीचे. आधी नमुन्यात आम्ल घालून किंवा त्यावर अतिनील प्रकाश टाकून बांधलेलं शिसं मोकळं करायचं. मग त्याच पाण्यात माहीत असलेल्या प्रमाणात शिसं मिसळून पुन्हा मोजायचं. टोक किती वाढलं त्यावरून मूळ पाण्यात किती होतं ते काढायचं. एकाच नळाच्या पाण्यासाठी हे दोन-तीनदा करावं लागतं, आणि तेव्हा कुठे त्या आकड्यावर विसंबता येतं.