पोर्टफोलिओ तपासायचा कोणी? महाविद्यालयीन मूल्यमापनातील एका वादाची पार्श्वभूमी

चित्रकला आणि वास्तुकला शिकणाऱ्यांना पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा संच, नवा नाही. लेखी अभ्यासक्रमांत मूल्यमापनाचे साधन म्हणून त्याला बळ मिळाले ते १९८० च्या दशकात, अमेरिकी महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गांमधून.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठाचा प्रयोग यात निर्णायक ठरला. एका बैठकीत लिहिलेल्या निबंधावरून लेखनक्षमता ठरवणारी परीक्षा तेथे बाजूला ठेवण्यात आली आणि सत्रभरातील लेखनातून निवडून सुधारलेले तीन लेख व वर्गात बसून लिहिलेला एक निबंध असा संच मागवण्यात आला. प्रत्येक सुधारित लेखासोबत तो कसा घडला याचे छोटे टिपण असे, आणि सत्राच्या मध्यावर एकदा अशा तपासणीची रंगीत तालीमही होई.

ज्यावरून वाद झाला तो निर्णय मात्र पुढचा होता. संच वर्गावरच्या शिक्षकाकडे न राहता, त्या विद्यार्थ्याला न ओळखणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाकडे जाई, आणि त्याने फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगायचे असे. विद्यार्थ्याचा प्रवास ज्याने पाहिला, त्याच्याच हातून निवाडा काढून घेणे अनेकांना अन्यायकारक वाटले. परंतु त्यामुळेच शिक्षकाला परीक्षकाची भूमिका सोडून विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहता आले आणि मसुद्यावर मोकळेपणाने बोलता आले. पोर्टफोलिओच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि पुढच्या अनुकरणांत नेमका तोच गळत गेला.

१९९० च्या दशकारंभी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने शाळांमध्ये राज्यव्यापी पोर्टफोलिओ आणले, तेव्हा एकाच संचाला वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हे तपासणीत उघड झाले. त्यानंतर निकषतक्त्यांचा, म्हणजे रूब्रिकचा, आग्रह वाढला. २००९ पर्यंत महाविद्यालयीन स्तरासाठी लेखन, चिकित्सक विचार अशा क्षमतांचे सामाईक रूब्रिक तयार झाले आणि पोर्टफोलिओही संगणकावर गेले.

आपल्याकडे २०१४ च्या शिक्षक-शिक्षणविषयक नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाच्या साधनांत पोर्टफोलिओचा उल्लेख आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिल्यापासून इतर विद्याशाखांतही त्याची चर्चा आहे. मात्र विज्ञान शाखेतील प्रात्यक्षिकाच्या जर्नलचा अनुभव येथे विसरता येणार नाही. गेल्या वर्षीच्या जर्नलवरून निरीक्षणे उतरवायची, आकृत्या काढायच्या आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्व पानांवर एकदम सह्या घ्यायच्या, ही रीत विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांच्याही अंगवळणी पडलेली आहे. पोर्टफोलिओत कच्चे मसुदे, त्यांवरील शेरे आणि निवडीमागची कारणे मागितली नाहीत, तर त्याचेही जर्नलच होईल. तपासणीचा प्रश्न तर अजून ऐरणीवर आलेलाच नाही: अंतर्गत गुण बहुतेक ठिकाणी आजही वर्गावर शिकवणारा प्राध्यापक एकटाच देतो, आणि दुसऱ्या वाचकासाठी वेळापत्रकात तासिका नाही की कार्यभारात नोंद नाही.