प्लॉट (नागपुरातील गुंतवणूक)

शेतजमिनीवर लेआउट पाडून विकलेला, बहुधा वर्षानुवर्षे रिकामा राहणारा निवासी भूखंड. मुंबई-पुण्यात घरातली शिल्लक फ्लॅटमध्ये जाते. नागपुरात नोकरदाराची पहिली मोठी खरेदी बरेचदा प्लॉटच असते. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडी हे भाग असेच वाढले: आधी शेत, मग चुन्याच्या रेघा, मग कितीतरी वर्षांनी वस्ती. मिहान (विमानतळालगतचा मालवाहतूक-उद्योग प्रकल्प), एम्स, 2019 मध्ये सुरू झालेली मेट्रो आणि शिवमडक्याहून निघणारा समृद्धी महामार्ग यांमुळे शहराची ओढ दक्षिणेकडे आहे.

प्लॉटची ओळख सौदाचिठ्ठीवर मौजा (महसुली गाव), खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि प्लॉट नंबर अशी लिहिली जाते. खरा प्रश्न मंजुरीचा. ती देणारी नागपूर सुधार प्रन्यास ही 1936 च्या कायद्याने आलेली संस्था, आणि शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी 2017 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तरीही शहरालगतचे कितीतरी लेआउट मंजुरीविना पडले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड शुल्क भरून नियमित करता येऊ लागले, आणि 2021 च्या दुरुस्तीने ही सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या भूखंडांना मिळाली. नियमितीकरणाच्या पत्राला इथे सगळे ‘आर.एल.’ म्हणतात. दलाल ‘डिमांड भरली आहे’ म्हणतो तेव्हा पैसे भरल्याची पावती हाती असते, पत्र नसते. या दोहोंत फार अंतर आहे. अकृषक परवानगी आणि नगररचनेची मंजुरी आधीच असलेल्या ‘एन.ए.टी.पी.’ प्लॉटला भाव जास्त पडतो. ऐपत असेल तर तो मोजावा.

जुन्या लेआउटांत रजिस्ट्री झाली तरी सातबारा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहिलेला दिसतो. एकच प्लॉट दोघांना विकण्याचे प्रकार याच फटीतून होतात. म्हणून रजिस्ट्रीआधी तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) वकिलाकडून काढावा आणि नंतर फेरफार, म्हणजे महसुली नोंदीत नावाचा बदल, स्वतः पाठपुरावा करून करून घ्यावा. नव्या प्लॉटिंगमध्ये जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी लागतेच. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

मोक्यावर भर पावसात एकदा जावे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या वस्त्यांत घरांत पाणी शिरले. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला काय करतो, ते शेजारचा पानठेलेवाला नेमके सांगतो.

घेतलेला प्लॉट सांभाळणे हे वेगळेच काम आहे, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. दोन पावसाळ्यांत बेशरम आणि गाजरगवत डोक्याइतके वाढते, कोपऱ्याचा दगड सापडत नाही, शेजाऱ्याच्या बांधकामाची गिट्टी आपल्या हद्दीत येते. परक्याचा उघड ताबा सलग बारा वर्षे राहिला तर मालकाचा दावाच मुदतबाह्य होऊ शकतो. तारेचे का होईना कुंपण, नावाचा फलक, दरवर्षी भरलेल्या कराची पावती आणि तारखेसह काढलेले फोटो एवढे हवेच. पक्की भिंत घालायची तर काळ्या मातीचा विचार आधी करावा: ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतीला मे महिन्यात बोट जाईल एवढी भेग पडते. पाया मुरमापर्यंत न्यावा.

प्लॉटवर दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या तर राखणही होते. नागपूरचा भाडेकरू मार्बल पाहत नाही. कूलर बसेल अशी खिडकी, खाली लोखंडी स्टँड, जवळ नळ आणि वेगळा जाड वायरचा पॉइंट पाहतो. मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेलेल्या शहरात गच्चीला दर उन्हाळ्यात चुन्याचा हात मारणे हीसुद्धा सुधारणाच. अकरा महिन्यांचा करार असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून देण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची.

विक्रीला दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया हे दिवस. पितृपक्षात बयाणा (इसार) कोणी देत नाही. पूर्वमुखी आणि गोमुखी (पुढे अरुंद, मागे रुंद) प्लॉट लवकर जातो, दक्षिणमुखीला थांबावे लागते. बयाण्यापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नये. तेवढ्याच रकमेचा दंड होतो. व्यवहार पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या प्लॉटचा नफा दीर्घकालीन धरतात. 23 जुलै 2024 पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी घेतलेला असेल, तर महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा हिशेबही करून पाहावा आणि कमी बसेल तो भरावा.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते वडिलांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटचे. भाऊ पुण्यात, ताई अमेरिकेत, आणि फेरफार अजून बाबांच्याच नावावर. सर्व वारसांची नावे चढल्याशिवाय गिऱ्हाइकाला बँकेचे कर्ज सहसा मिळत नाही. परदेशातून आलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.