कलंकित यानचालक

कलंकित यानचालक : अपघात, आज्ञाभंग किंवा ऐनवेळचा भेकडपणा यांचा ठपका बसून यानावरून उतरवला गेलेला आणि पुढे स्वतःच्या करणीने तो पुसून काढणारा ताराप्रवासी यानाचा चालक. विज्ञानकथेतले हे रूढ पात्र आहे. माणसांना ताऱ्यांपर्यंत नेणारे यान अजून कोणी बांधलेले नाही, तेव्हा या पात्राचे चरित्र सर्वस्वी कल्पित. मात्र खऱ्या अंतराळवीरांपैकी काहींच्या वाट्याला असेच आयुष्य आले, आणि त्यांच्या हकिकती कथेतल्या ठशात बसत नाहीत.

मराठीत या विषयासाठी शब्दांची वाण नाही. ठपका कागदावर असतो, कलंक लोकांच्या तोंडी. ठपका वरिष्ठांच्या सहीने रद्द होतो. कलंकाला सही चालत नाही. चंद्रावरच्या काळ्या डागांनाही आपण कलंकच म्हणतो. ते डाग म्हणजे कधी काळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याची मैदाने आहेत, त्यात चंद्राचा काही दोष नाही. प्रायश्चित्त हा शब्द वेगळ्या जातीचा आहे, कारण तो आधी पाप घडल्याचे गृहीत धरतो. निर्दोष सुटका म्हणजे पाप घडलेच नव्हते. आणि सोलापूरकरांना जवळून ठाऊक असलेला चौथा शब्द म्हणजे विमुक्त. त्याकडे पुढे वळू.

कथेतल्या चालकाचे आयुष्य ठरलेल्या वळणांनी जाते. उमेदीच्या वयात तो नावाजलेला असतो. एका उड्डाणात उतारू दगावतात, चौकशी बसते, गणवेशावरचा बिल्ला काढून घेतला जातो. मग कुठल्या तरी आडबाजूच्या तळावर खनिज वाहणाऱ्या खटारा यानावर तो दिवस काढतो. नोकरी गेलेला एसटी ड्रायव्हर अक्कलकोट रस्त्यावर वडाप चालवताना दिसावा, तसा. शेवटी अशी वेळ येते की दुसरा चालकच हाताशी नसतो. तो यान सुखरूप आणतो किंवा आणताना मरतो. मरणारे चालक लेखकांना जास्त आवडतात, कारण मेलेल्याला पुन्हा कामावर घ्यावे लागत नाही. या साऱ्या रचनेत एक गोष्ट न बोलता ठरलेली असते : पहिली चूक त्याचीच होती. चूक त्याची नसेल तर प्रायश्चित्त कशाचे घ्यायचे? खऱ्या नोंदी पाहिल्या की हा पायाच डळमळतो.

अमेरिकेचे गस ग्रिसम 21 जुलै 1961 रोजी लिबर्टी बेल 7 या कुपीतून सुमारे पंधरा मिनिटांचे उड्डाण करून अटलांटिक समुद्रात उतरले. हेलिकॉप्टरची वाट पाहत असताना कुपीचे स्फोटक झाकण आपोआप उडाले. कुपीत पाणी शिरले, ग्रिसम बाहेर पडले आणि पोशाखात पाणी भरल्याने बुडता बुडता वाचले. कुपी मात्र तळाला गेली. त्यांनी घाबरून झाकण उडवले अशी कुजबुज सुरू झाली. ती खोडून काढायला पुरावा मिळाला तो एका जखमेचा. ऑक्टोबर 1962 मध्ये त्यांचे सहकारी अंतराळवीर वॉली शिरा यांनी आपले उड्डाण संपल्यावर मुद्दाम हाताने झाकण उडवले, तेव्हा खटक्याच्या उलट्या धक्क्याने त्यांचा हात दुखावला. ग्रिसम यांच्या हातावर तसली खूण नव्हती. चौकशीत त्यांच्यावर दोष आला नाही आणि 23 मार्च 1965 रोजी जेमिनी 3 चे नेतृत्व त्यांनीच केले. त्या यानाला त्यांनी टायटॅनिकच्या अपघातातून वाचलेल्या मॉली ब्राउन या बाईचे नाव दिले, म्हणजे आपल्यावरचा विनोद आपणच करून घेतला. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 च्या जमिनीवरील तालमीत आग लागून ते दोन सहकाऱ्यांसह गेले. त्या यानाचे झाकण आत उघडणारे होते आणि आतल्या हवेच्या दाबापुढे ते वेळेत उघडता आले नाही. लिबर्टी बेल 1999 मध्ये साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून वर काढण्यात आली. झाकण सापडले नाही.

अमेरिकेचेच स्कॉट कार्पेंटर यांचे तसे नाही. 24 मे 1962 च्या उड्डाणात ते ठरल्या जागेपासून सुमारे 400 किलोमीटर पुढे उतरले. इंधन उधळले, प्रयोगांत रमले, असा बोल त्यांना लागला. क्षितिजाचा वेध घेणारे उपकरण बिघडले होते हे त्या गलक्यात मागे पडले. ते पुन्हा अंतराळात गेले नाहीत. 1965 मध्ये मात्र सीलॅब 2 या समुद्रतळावरच्या निवासात ते 28 दिवस राहिले. वर जागा मिळाली नाही, तर खाली शोधली.

सोव्हिएत संघातला प्रकार जास्त उघडावाघडा आहे. ऑक्टोबर 1977 मध्ये सोयुझ 25 चे कोवाल्योनोक आणि र्‍युमिन साल्युत 6 या अंतराळ स्थानकाला जोडणी करू शकले नाहीत आणि हात हलवत परतले. दोघेही नवखे होते. त्यानंतर प्रत्येक यानात निदान एक तरी अनुभवी माणूस हवा असा दंडक झाला, म्हणजे ठपका नियमाच्या रूपाने कायम झाला. पण दोघांना घरी बसवले नाही. कोवाल्योनोक पुढच्याच वर्षी त्याच स्थानकावर जाऊन सुमारे 140 दिवस राहिले. र्‍युमिन 1979 मध्ये 175 आणि 1980 मध्ये 185 दिवस. एखाद्याला सावरायचे तर पुढची पाळी त्याच्या नावावर लावायची, इतकी ती साधी गोष्ट होती.

ग्रिगोरी नेल्युबोव यांना ती पाळी मिळाली नाही. गागारिन यांच्या पहिल्या सहा जणांच्या तुकडीतले हे वैमानिक. मार्च 1963 मध्ये दोन सहकाऱ्यांसह दारूच्या भरात लष्करी गस्तीशी त्यांची बाचाबाची झाली. माफी मागितली तर प्रकरण मिटवू असे सांगण्यात आले. त्यांनी मागितली नाही. तिघेही बडतर्फ झाले. नेल्युबोव दूर पूर्वेकडच्या तळावर पाठवले गेले आणि फेब्रुवारी 1966 मध्ये आगगाडीखाली मरण पावले. अंतराळवीरांच्या सामूहिक छायाचित्रातून त्यांचा चेहरा रंगवून काढून टाकला होता. या नोंदीतले हे एकच चरित्र असे की ज्यात चूक खरोखर त्यांची होती, आणि परतीची वाट नेमकी त्यातच नाही.

वासिली त्सिब्लियेव यांचे प्रकरण चौकशीच्या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. 25 जून 1997 रोजी मीर या रशियन अंतराळ स्थानकावरून प्रोग्रेस एम-34 हे मालवाहू यान पडद्यावर पाहत दूरनियंत्रणाने जोडण्याची चाचणी ते घेत होते. स्वयंचलित जोडणीची सामग्री महाग पडत होती, ती वाचवता येईल का हे पाहायचे होते. आधीच्या चाचणीत चित्र बिघडले होते, म्हणून या वेळी अंतर आणि वेग सांगणारा रडार बंद ठेवला गेला. सुमारे सात टनांचे यान, खाली ढगांचा पांढरा पट, वेगाचा नीट अंदाज नाही. ते स्थानकाच्या स्पेक्त्र विभागावर आदळले आणि हवा गळू लागली. तो विभाग बंद करून स्थानकावरचे तिघे वाचले. रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी दोष माणसांवर टाकला. काही वर्षांनी, 2003 मध्ये, हेच त्सिब्लियेव गागारिन अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख झाले. ज्यांच्या हातून टक्कर झाली त्यांच्याच हाती नव्या चालकांची तालीम.

या हकिकती सोलापुरात वाचताना सेटलमेंटची आठवण टळत नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींतली माणसे तिथे कोंडली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, गिरणीत राबायचे. कोणी काय केले हा प्रश्नच नव्हता. ठपका जन्माबरोबर येत असे. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव शहराच्या पत्त्यांत राहिले. कायद्याने ठपका उतरवताना कोणाकडून पराक्रम मागितला नाही, आणि ते योग्यच झाले. सवयीच्या गुन्हेगारांसाठीचे कायदे पुढे आले, पोलिसांची नजर हटली नाही, कामावर घेताना जात विचारली गेली, ते कलंकाचे काम. कथेतल्या यानचालकाकडून लोक यान वाचवण्याची मागणी करतात. इथे ज्यांनी काही बुडवलेच नव्हते त्यांच्याकडूनही तीच मागणी होत राहिली. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या इथल्या मुलांना हा साठा हाताशी आहे. त्यासाठी परग्रहावर जायची गरज नाही.

ताराप्रवासाने मात्र एक गोष्ट खरोखर नवी येते : वेळ. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे 4.24 प्रकाशवर्षे दूर आहे. तिथल्या चालकाला कारणे दाखवा नोटीस बिनतारी पाठवली तर ती पोचायला सव्वाचार वर्षे आणि खुलासा यायला तितकीच. सापेक्षतेचा हिशेब त्याहून चमत्कारिक आहे. प्रकाशाच्या 99 टक्के वेगाने 20 प्रकाशवर्षे जाऊन परत यायचे, वेग वाढवण्या-घटवण्याचा काळ सोडून देऊ, तर पृथ्वीवर 40 वर्षांहून थोडा अधिक काळ जातो आणि यानातल्या घड्याळात 5.7 वर्षे.

म्हणजे होटगी रस्त्यावरून ठपका घेऊन तिशीत निघालेला चालक पस्तिशीत परततो, तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चाळीस वेळा भरून उठलेली असते. चौकशी समितीतले बहुतेक गेलेले. त्याच्या नावाची फाइल कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सांगणारा कारकून निवृत्त. संक्रांतीला अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजाची काठी पेलणारा मानकरी त्याच्या वर्गमित्राचा मुलगा असतो, आणि तो मुलगाच त्याच्याहून वयाने मोठा दिसतो. ओळख पटली, तर तो त्याला काका म्हणेल की नावाने हाक मारेल, हे दोघांनाही चटकन सुचत नाही.